युनायटेड स्टेट्स विरुद्ध लोपेझ

युनायटेड स्टेट्स विरुद्ध लोपेझ हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल १९९५ रोजी दिलेला निकाल आहे. शाळेच्या परिसरात बंदूक बाळगणे हा संघीय गुन्हा ठरविण्याचा अधिकार काँग्रेसला घटनेतील व्यापारविषयक कलमातून मिळत नाही, असा निर्णय न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. शस्त्र बाळगण्याच्या हक्कावर, म्हणजे दुसऱ्या घटनादुरुस्तीवर, हा निकाल आधारलेला नाही.

१९९२ साली टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे बारावीचा एक विद्यार्थी .३८ कॅलिबरची बंदूक व पाच गोळ्या घेऊन शाळेत आला. राज्याने दाखल केलेला गुन्हा दुसऱ्याच दिवशी मागे घेण्यात आला आणि १९९०च्या संघीय कायद्याखाली त्याच्यावर खटला भरण्यात आला.

बंदुकांमुळे हिंसा वाढते, विम्याचा खर्च वाढतो, शिक्षण खालावते आणि अखेर राष्ट्रीय अर्थव्यवस्थेला झळ पोहोचते, असा सरकारचा युक्तिवाद होता. हीच साखळी मान्य केली तर विवाह, घटस्फोट, अभ्यासक्रम असे काहीच संघाच्या कक्षेबाहेर उरणार नाही, असे सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट यांनी बहुमताच्या निकालपत्रात म्हटले. बंदूक बाळगणे ही मुळात आर्थिक कृतीच नव्हे, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी भिन्नमतपत्रात शिक्षण व व्यापार यांचा संबंध सविस्तर मांडला.

व्यापारविषयक अधिकाराची मर्यादा ओलांडल्यामुळे कायदा रद्द होण्याची ही सुमारे साठ वर्षांतील पहिलीच वेळ होती. व्यवहारात मात्र परिणाम मर्यादित राहिला. १९९६ साली काँग्रेसने तोच कायदा दुरुस्त केला; आता बंदुकीचा आंतरराज्य व्यापाराशी संबंध सिद्ध करावा लागतो आणि बहुतेक बंदुका राज्याची सीमा ओलांडूनच आलेल्या असतात.