कोडच्या तुकड्यांचे खासगी ग्रंथालय

संगणकाचा प्रोग्रॅम लिहिताना काही ओळी पुन्हा पुन्हा लागतात. तारखेची मांडणी बदलणे, फाइल ओळीओळीने वाचणे, डेटाबेसशी जोडणी करणे ही नेहमीची उदाहरणे. अशा पारखून घेतलेल्या तुकड्यांचा संग्रह म्हणजे प्रोग्रॅमरचे खासगी ग्रंथालय. हिंगणा मार्गावरील वानाडोंगरीत १९८४ पासून उभ्या असलेल्या यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांतील विद्यार्थ्याचा असा पहिला संग्रह बहुधा प्रॅक्टिकलची वही हाच असतो. परीक्षेनंतर वही रद्दीत जाते आणि तोच प्रश्न नोकरीत पुन्हा समोर येतो.

ही कल्पना जुनीच आहे. केंब्रिज विद्यापीठातील ‘एडसॅक’ हा संगणक १९४९ मध्ये सुरू झाला. तेथे नेहमीची उपकार्ये छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर उतरवून कपाटात ठेवली जात. भागाकाराच्या फितींना ‘डी’, त्रिकोणमितीच्या फितींना ‘टी’ अशी अक्षरे असत. विल्क्स, व्हीलर व गिल यांच्या १९५१ च्या ग्रंथात या संग्रहाची सूची छापलेली आहे. फितींइतकेच मोल त्या सूचीला होते.

आजही साठवणे सोपे आणि शोधणे अवघड आहे. ‘टेस्ट१’ किंवा ‘नवीन_अंतिम’ अशा नावांची फाइल सहा महिन्यांनी तिच्या धन्यालाही ओळखू येत नाही. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर तो काय करतो, कोणत्या भाषेच्या कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिला आणि कोठून घेतला, हे साध्या शब्दांत लिहावे. फोल्डरमध्ये तुकड्याला एकच जागा मिळते. शोधशब्द मात्र कितीही जोडता येतात. एकाच विषयाला अनेक पैलू असतात, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात मांडलेच होते. संग्रह साध्या मजकुराच्या फायलींत असल्यास युनिक्सवरील ‘ग्रेप’ ही जुनी आज्ञाही क्षणात शोध घेते. २००५ मध्ये आलेल्या ‘गिट’मुळे जुन्या आवृत्त्याही हाताशी राहतात.

खरी जोखीम निराळीच आहे. घाईत उतरवलेल्या तुकड्यात डेटाबेसचा पासवर्ड राहून जातो. ‘गिटहब’वरील ‘गुप्त’ गिस्टदेखील दुवा हाती लागलेल्या कोणालाही उघडता येते. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, नोकरीच्या कामात लिहिलेल्या प्रोग्रॅमची पहिली मालकी मालकाकडे असते. कंपनी सोडताना तो संग्रह सोबत नेणाऱ्याने आपला करार आधी वाचलेला बरा.