कळ दाबली, संगणक गप्प

टेबलावरच्या संगणकाची कळ दाबूनही काही घडले नाही, की 'वीज पोहोचत नसेल' असे आपण सहज म्हणतो. १९८१ साली हे म्हणणे बरोबर ठरले असते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. त्याच्या उजव्या बाजूला, मागच्या अंगास एक मोठा लाल खटका होता. भिंतीवरच्या दिव्याच्या बटणासारखेच त्याचे काम. तो वर केला की मुख्य वीज सरळ पॉवर सप्लायच्या पेटीत शिरे. ही पेटी अवघी ६३.५ वॅटची, म्हणजे एका साध्या बल्बइतकी!

तरी संगणक दिव्यासारखा लगेच 'लागत' नसे. ५ आणि १२ व्होल्टचे पुरवठे स्थिर झाले, की पेटी एका स्वतंत्र तारेवरून 'पॉवर गुड' हा संकेत देई. तोपर्यंत प्रोसेसर रोखून धरलेला असे. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी जाणकाराला या तारेचीही शंका येते ती म्हणूनच.

१९९५ साली इंटेलने एटीएक्स ही रचना मांडली आणि कळीचा अर्थच बदलला. त्याआधीच्या रचनेच्या संगणकांवर विंडोज ९५ काम आटोपल्यावर 'आता संगणक बंद करण्यास हरकत नाही' असा संदेश दाखवून थांबे, कारण खटका बंद करणे प्रोग्रामच्या हाती नव्हते. एटीएक्समध्ये कळ मुख्य वीज तोडत नाही. ती मदरबोर्डला फक्त सूचना देते. मग बोर्ड हिरव्या तारेवरील दाब शून्याजवळ आणतो आणि पेटी जागी होते. पण ही सूचना ऐकायला कोणीतरी सतत जागे हवे. त्यासाठी पेटीत ५ व्होल्टचा एक छोटा 'स्टँडबाय' पुरवठा असतो. भिंतीवरचे बटण चालू आहे तोवर तो रात्रंदिवस चालतो, आणि त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही रात्रंदिवस तापत राहतात.

उष्णतेने त्यांतील द्रव हळूहळू सुकतो आणि अंतर्गत रोध वाढतो. गरम असताना हा रोध कमी असतो, म्हणून यंत्र कसेबसे चालू राहते. मे महिन्याच्या सुटीत शाळेचा मुख्य खटका बंद होतो, कपॅसिटर थंड पडतात, आणि जूनमध्ये संगणक उठतच नाही! 'सुटीत कोणी हात लावला?' अशी चौकशी सुरू होते. हात बहुधा कोणीच लावलेला नसतो.

२००० नंतरच्या काही वर्षांत तर जगभर मदरबोर्डवरचे कपॅसिटर अकाली फुगू लागले. त्यांच्या द्रवात पाण्याचे प्रमाण बरेच होते. पाणी ॲल्युमिनियमवर क्रिया करून हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन वायू तयार करते; ही क्रिया रोखणारी द्रव्ये नीट मिसळलेली नसतील, तर बंद डबीत वायू साठत जातो. डबीच्या डोक्यावर फुलीसारख्या खाचा असतात त्या यासाठीच: दाब वाढला की तेथे फुगवटा येतो, मग तपकिरी द्रव झिरपतो. द्रवाचे सूत्र चोरले गेले आणि तेही अर्धवट, अशी कथा तेव्हा गाजली. ती सिद्ध मात्र झाली नाही. रसायनशास्त्राच्या तासाला अधिक उपयोगी आहे तो हायड्रोजन. डेल कंपनीने २००५ मध्ये अशा संगणकांच्या दुरुस्तीपोटी सुमारे ३० कोटी डॉलर बाजूला काढले. काही रुपयांच्या डब्या बदलून जगले असते असे किती बोर्ड भंगारात गेले असतील!

पुढे मदरबोर्डवर द्रव नसलेले पॉलिमर कपॅसिटर रुळले. पेटीतला मोठा कपॅसिटर मात्र अजून द्रवाचाच असतो. २३० व्होल्टची वीज एकदिश झाल्यावर त्याच्यावर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ ते तेथे राहू शकतात. फुगलेले कपॅसिटर विद्यार्थ्यांना दाखवायचे, तर जुन्या मदरबोर्डवरचे दाखवावेत. ही पेटी उघडू नये.