लिनक्सवरचे वायफाय
लिनक्सवर वायफाय चालवणे २००० नंतरची काही वर्षे कटकटीचेच होते. बहुतेक चिप-कंपन्या तांत्रिक माहिती देत नसत. म्हणून ‘एनडिसरॅपर’ या साधनाच्या आधाराने विंडोजचाच ड्रायव्हर चालवला जाई, तो कधीकधी अख्खा संगणक गोठवी. ब्रॉडकॉमच्या चिपचे वर्तन उलगडून स्वयंसेवकांनी लिहिलेला ड्रायव्हर २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये आला. २००७ मध्ये ‘मॅक८०२११’ हा वायफाय ड्रायव्हरांचा सामाईक पाया मिळाला आणि स्थैर्य वाढू लागले. अथेरॉसने २००८ मध्ये खुला ड्रायव्हर दिला, ब्रॉडकॉमने बऱ्याच उशिरा, २०१० मध्ये. बऱ्याच चिपांचे फर्मवेअर (चिपमध्ये भरावे लागणारे सॉफ्टवेअर) मात्र बंदिस्तच राहिले. ते इंटरनेटवरून उतरवायचे, आणि इंटरनेट तर वायफायवरच! केबलची जोडणी नसलेले घर सालेकशासारख्या छोट्या गावातले असो वा पुण्यातले, पेच तोच. डेबियन या लिनक्स वितरणाने २०२२ च्या मतदानानंतर फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतले. जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते सोबतच मिळते.