वऱ्हाडचा कापूस आणि विलायती भांडवल

परकें द्रव्य एखाद्या लहान बेटाचें दैव पालटील काय, हा प्रश्न आज अनेक छोट्या राष्ट्रांपुढें आहे. आम्हां वऱ्हाडकरांस त्याचें उत्तर घरच्याच इतिहासांत सांपडतें.

१८५३ सालीं निजामाच्या कर्जापोटीं वऱ्हाड प्रांत कंपनीच्या ताब्यांत गेला. १८६१ त अमेरिकेंत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडील कापूस मिळेना, आणि अकोला-अमरावतीच्या काळ्या जमिनीस एकाएकीं मोल आलें. विलायती भांडवलाचा लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून १८६७ त नागपुरास पोंचला. बाजार वाढले, कापूस पिंजण्या-दाबण्याचे कारखाने निघाले. हा उत्कर्ष आम्ही नाकारीत नाहीं.

परंतु त्या भांडवलास सरकारनें शेंकडा पांच व्याजाची हमी दिली होती. तूट येईल ती हिंदुस्थानच्या महसुलांतून भरावयाची. शेतकऱ्यास अशी हमी कोणी दिली? १८६५ त युद्ध संपलें आणि भाव कोसळले, ते त्याच्याच माथीं. पुढें १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्याच रुळांवरून धान्य आणतां येत होतें. तें विकत घेण्यास मजुराच्या गांठीं पैसा नव्हता.

म्हणून परक्या मदतीचा आंकडा ऐकण्यापूर्वीं आम्ही एवढेंच विचारूं: व्यवहार बुडाला, तर बुडणार कोण?