फळ्यांमधली फट

सिएटलच्या आसपास कुणाच्याही घरामागे लाकडी डेक असतोच, आणि मालक हमखास सांगतो, ‘सीडर आहे हं!’ वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो सीडर नाहीच. खरा सीडर म्हणजे आपला हिमालयातला देवदार. इथला ‘वेस्टर्न रेड सीडर’ म्हणजे थुजा प्लिकाटा. चामखिळीवर होमिओपॅथीवाले ज्या थुजाच्या गोळ्या देतात, त्या झाडाचा हा सख्खा भाऊ. सोसायटीच्या बागेतली मोरपंखी त्याची चुलत बहीण. फक्त हा भाऊ 60 मीटरपर्यंत वाढतो.

याच्या गाभ्यात थुजाप्लिसिन नावाची रसायनं असतात. ती बुरशीला मानवत नाहीत, म्हणून लाकूड लवकर कुजत नाही. पण पावसाबरोबर ती हळूहळू धुऊन जातात. उन्हाने लाकडातलं लिग्निन तुटतं आणि तांबूस फळी करडी होते. लोक या करड्या रंगालाच घाबरतात आणि प्रेशर वॉशर भाड्याने आणतात. जोराच्या पाण्याने डेक तासाभरात नवा दिसतो खरा, पण मऊ लाकडाचे तंतू उचकटतात आणि पुढच्या पावसात तिथेच पाणी मुरतं. वॉर्निशचंही तसंच. त्यातून ऊन आरपार जातं, खालचं लाकूड सुटतं आणि पापुद्रे निघतात.

मी दर उन्हाळ्याच्या तोंडाशी मऊ ब्रश, साबणाचं पाणी आणि एक जुनी सुरी घेऊन बसते. सुरी फळ्यांमधल्या फटींसाठी. तिथे सूचिपर्णी झाडांची पानं अडकतात, ओली राहतात आणि कुजण्याची सुरुवात तिथून होते. लोखंडी खिळ्यांभोवती काळे डाग पडतात, ते ऑक्झॅलिक ॲसिडने जातात. दोन-तीन वर्षांनी रंगद्रव्य असलेलं, लाकडात मुरणारं तेल. जवसाच्या तेलाच्या चिंध्या मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. थट्टा नाही.

असं गुडघ्यावर बसून फटी उकरताना प्रश्न पडला, की ज्यांनी हे लाकूड हजारो वर्षं वापरलं, ते काय करत होते?

या किनाऱ्यावरच्या आदिवासींची घरं याच फळ्यांची. लाकडाच्या किंवा हाडाच्या पाचरी ठोकून ते फळ्या सोलून काढत, कधी तर उभ्या जिवंत झाडातून. भिंतीच्या फळ्या खांबांच्या जोड्यांमध्ये आडव्या ठेवून सीडरच्याच लवचीक फांद्यांनी बांधलेल्या. धूर कोंडला की काठीने छपराची फळी सरकवायची. एखादी फळी खराब झाली की तेवढीच बदलायची. उन्हाळ्यात मासेमारीच्या जागी जाताना खांब तिथेच ठेवून फळ्या होडीवर घालून न्यायच्या. घराची डागडुजी आणि घराचा वापर ही दोन वेगळी कामं नव्हतीच. मला हे फार हुशारीचं वाटतं.

ही घरं आज उभी नाहीत, पण त्याचा दोष लाकडावर ढकलता येणार नाही. सिएटल शहराला ज्याचं नाव मिळालं, त्या मुखियाचं सुक्वामिशचं प्रचंड लांबीचं घर, ‘ओल्ड मॅन हाउस’, 1870 मध्ये सरकारने जाळलं. पश्चिम टोकाला ओझेट नावाचं मकाह लोकांचं गाव होतं. मुलांना शाळेत घालण्याच्या सक्तीमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते ओस पडलं.

पण ओझेटच्या काही घरांवर त्याच्या कितीतरी आधी दरड कोसळली होती. मकाह म्हाताऱ्यांच्या गोष्टींत ती दरड होती. 1970 मध्ये वादळी लाटांनी किनारा खचला आणि गोष्टीतली घरं खरोखर बाहेर आली. 1981 पर्यंत उत्खनन चाललं. कुदळीने लाकूड तुटलं असतं, म्हणून पाण्याच्या पाइपांनी चिखल धुतला. भिंतींच्या फळ्या, पेट्या, टोपल्या, अवजारं अशा 55,000 हून अधिक वस्तू निघाल्या. पाणी आणि हवा दोन्ही मिळाल्या तरच बुरशी लाकूड खाते. चिखलात पाणी भरपूर, हवा नाही. माझ्या फटींतल्या ओल्या पानांना मात्र दोन्ही मिळतं.

बाहेर काढल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. शतकानुशतकं भिजलेलं लाकूड सुकताना आक्रसून चिरतं. म्हणून पॉलिइथिलीन ग्लायकॉलमध्ये, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या मेणासारख्या पदार्थात, वस्तू दीर्घकाळ बुडवून ठेवल्या. हे सगळं कुठल्या मोठ्या शहराच्या संग्रहालयात जाऊ द्यायचं नाही, असं मकाहांनी ठरवलं. 1979 मध्ये निआ बे इथे त्यांनी स्वतःचं संग्रहालय उघडलं. तिथे आत शिरता येईल असं पूर्ण आकाराचं फळ्यांचं घरही उभारलेलं आहे.

माझ्या डेकच्या दोन फळ्या यंदा बदलायच्या आहेत. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आणलेत. ते खालच्या बाजूने लावणार आहे, म्हणजे पुढच्या वेळी बाकी काही न हलवता तेवढी एकच फळी काढता येईल. रंग करडाच ठेवतेय.