खवलेपंखी कीटकांतील लिंग गुणसूत्रे

पतंग व फुलपाखरे यांचा अंतर्भाव होणाऱ्या खवलेपंखी (लेपिडॉप्टेरा) गणातील कीटकांचे लिंग ज्या गुणसूत्रांशी निगडित असते, त्यांना ही संज्ञा देतात. मानवात व अनेक कीटकांत लिंग गुणसूत्रांची विजोड जोडी (एक्स–वाय) नरात असते. या गणात मात्र ती मादीत असते. नराच्या समान गुणसूत्रांना झेड–झेड व मादीच्या असमान गुणसूत्रांना झेड–डब्ल्यू म्हणतात. त्यामुळे अपत्याचे लिंग शुक्राणूवर नव्हे, तर अंड्यावर अवलंबून असते. पक्ष्यांतही अशीच, परंतु स्वतंत्रपणे उद्भवलेली व्यवस्था आढळते.

इतिहास : १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स व ई. बी. विल्सन यांनी अमेरिकेत काही कीटकांच्या नरांत विजोड गुणसूत्रे असल्याचे दाखविले. हाच सार्वत्रिक नियम असावा, असे वाटण्यास त्यामुळे जागा होती. परंतु पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये लेनर्ड डाँकास्टर व जी. एच. रेनर यांनी मॅग्पाय पतंगावरील (ॲब्रॅक्सस ग्रॉस्युलॅरिॲटा) संकर-प्रयोग प्रसिद्ध केले. या पतंगाचा एक फिकट प्रकार निसर्गात जवळजवळ केवळ माद्यांतच सापडे. फिकट माद्यांचा सामान्य नरांशी संकर केला असता सर्व संतती सामान्य निपजली. या संततीतील नर पुन्हा फिकट माद्यांशी जुळविल्यावर फिकट नरही मिळाले. अशा नरांचा सामान्य माद्यांशी संकर केल्यावर सर्व नर अपत्ये सामान्य, तर सर्व मादी अपत्ये फिकट निघाली. या लक्षणाचा जीन (आनुवंशिक घटक) मादीत एकेरी व नरात दुहेरी असतो, असे मानल्यासच या निष्कर्षांची संगती लागते. १९१० मध्ये टी. एच. मॉर्गन यांना फळमाशीच्या पांढऱ्या डोळ्यांच्या बाबतीत याच्या नेमका उलट प्रकार आढळला. १९१३ मध्ये याकोब झायलर यांनी एका पतंगाच्या अंड्यांत गुणसूत्रांचे दोन प्रकारचे संच व शुक्राणूंत एकच प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि संकरांवरून केलेल्या अनुमानास प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

रेशीमकिड्यावरील संशोधन : तुतीवरील रेशीमकिड्यात गुणसूत्रांच्या २८ जोड्या असतात. त्याच्या मादीत गुणसूत्रांमधील जीनविनिमय होत नाही, हे जपानमध्ये योशिमारो तानाका यांनी दाखविले. हारुओ हाशिमोतो यांनी १९३३ मध्ये असे सिद्ध केले की, झेड कितीही असली, तरी एक डब्ल्यू असल्यास कीटक मादीच होतो. याचा व्यवहारातही उपयोग झाला. नराच्या कोशापासून अधिक रेशीम मिळते, तसेच संकरित बीजनिर्मितीसाठी नर-मादी वेळीच वेगळे करावे लागतात. याटारो ताजिमा यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने अळीच्या अंगावरील खुणांचा जीन असलेला दुसऱ्या गुणसूत्राचा तुकडा डब्ल्यूला जोडला. परिणामी खुणा असलेली अळी मादी व खुणा नसलेली अळी नर, असे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येऊ लागले [→ रेशीम].

डब्ल्यूवर मादीपण ठरविणारा कोणता जीन आहे, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी त्याचा उलगडा केला. हे कार्य एखादे प्रथिन नव्हे, तर डब्ल्यूपासून तयार होणारा अतिशय लहान आरएनए रेणू करतो. झेडवरील नरत्वकारक जीनचा संदेश तो नष्ट करतो.

क्रमविकास : दोन समान गुणसूत्रांपैकी एकाचा ऱ्हास होऊन विजोड जोडी तयार होते, असे सर्वसाधारणपणे मानतात. येथे मात्र पुरावा निराळा आहे. खवलेपंखी गणाचे निकटचे आप्त असलेल्या कॅडिस माश्यांत व या गणातील अतिप्राचीन कुलांत डब्ल्यू नसते. मादीत केवळ एक झेड असते. यावरून झेड आधीची व डब्ल्यू नंतर आलेली, असे दिसते. एखादे सामान्य गुणसूत्र झेडला जोडले जाऊन त्याचा उरलेला जोडीदार डब्ल्यू झाला, असे एक मत आहे. तर पेशीतील एखादे अतिरिक्त गुणसूत्र झेडचे जोडीदार बनले, असे दुसरे. डब्ल्यूचा बहुतांश भाग पुनरावृत्त अनुक्रमांनी व्यापलेला असल्याने तिचे मूळ शोधणे कठीण जाते आणि या प्रश्नावर अद्याप एकमत नाही. काही जातींत ती पुन्हा लुप्तही झाली आहे. आसामात एरंडाच्या पानांवर पोसल्या जाणाऱ्या एरी रेशीमकिड्याच्या नरात २८, तर मादीत २७ गुणसूत्रे असतात.

झेडमध्येही बदल झालेले आहेत. सफरचंदावरील कॉडलिंग पतंगाच्या कुलात तिला आणखी एक गुणसूत्र जोडले गेल्याचे २०१३ मध्ये दिसून आले. त्यावर विषारी द्रव्ये निष्प्रभ करणारे जीनही आहेत. मादीत झेड एकेरी असल्याने अशा जीनमधील उपयुक्त बदल तिच्यात लगेच व्यक्त होऊ शकतो. त्यामुळे कीटकनाशकांना दाद न देणाऱ्या पिढ्या निर्माण होण्यास या जोडणीचा हातभार लागला असावा, असे संशोधकांचे अनुमान आहे.