जगाच्या दुःखाचं सांत्वन



आपल्याकडे एखाद्या घरी मृत्यू झाला की त्या दिवशी तिथे चूल पेटत नाही. शेजारची मंडळी पिठलं-भात घेऊन जातात. लोक येतात, बसतात. फारसं कुणी बोलत नाही, पण ते येऊन बसणं माणसाला सावरतं. घरातल्या दुःखाची ही रीत आपल्याला ठाऊक आहे. जगाच्या दुःखाचं काय? युद्धं, होरपळलेली गावं, आटत चाललेल्या नद्या... बातमी वाचून आत काहीतरी तुटतं, आणि आपण पुढची बातमी बघतो. या दुःखाच्या समाचाराला जायचं तरी कुणाच्या घरी?

हा प्रश्न मला आज इतिहासातल्या एका उदाहरणावरून तपासायचा आहे. उदाहरण जपानचं आहे, १९४५ ते १९५६ या काळातलं.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तीन दिवसांनी नागासाकीवर. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७० हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. जे वाचले त्यांना जपानीत ‘हिबाकुशा’ म्हणतात. त्यांच्या वाट्याला आणखी एक शिक्षा आली, ती म्हणजे एकटेपणाची. अमेरिकी लष्करी अंमलात बॉम्बविषयीच्या लेखनावर सेन्सॉरची नजर होती. तो अंमल १९५२ मध्ये संपला, तरी समाजाची भीती संपली नाही. किरणोत्सर्गाचा आजार संसर्गजन्य असेल, मुलं सदोष जन्मतील, या समजुतीपायी लग्नं मोडत, नोकऱ्या मिळत नसत. त्यामुळे अनेकांनी आपण त्या शहरात होतो हेच लपवलं. हिरोशिमात स्मरणसभा होत होत्या. पण देशातल्या बहुतेकांच्या लेखी ते ‘त्या दोन शहरांचं’ दुःख होतं.

मग १ मार्च १९५४ उजाडला. अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर मासेमारी करत असलेल्या एका जपानी बोटीवर पांढरी राख पडली. बोटीवर २३ माणसं होती. त्यांपैकी रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. बाजारातल्या ट्यूना माशांत किरणोत्सर्ग सापडला, मासळी पुरून टाकावी लागली. जपानच्या रोजच्या जेवणातच भीती शिरली!

टोकियोतल्या सुगिनामी विभागात त्या वेळी गृहिणींचं एक वाचन मंडळ चालत असे. सार्वजनिक सभागृहात जमायचं, पुस्तक वाचायचं, चर्चा करायची. आपल्या भिशीसारखं किंवा भगिनी मंडळासारखं म्हणा. त्या एप्रिलमध्ये तिथल्याच महिलांच्या एका सभेत एक मासे विकणारी बाई उभी राहिली आणि तिने आपल्या दुकानाची अवस्था सांगितली. मे महिन्यात सह्यांची मोहीम सुरू झाली. तिचा रोख कुठल्या एका देशावर नव्हता. सगळ्या सरकारांना आणि सगळ्या लोकांना उद्देशून ते आवाहन होतं. बायका घरोघरी गेल्या. सुमारे ३ लाख ९० हजार वस्तीच्या त्या विभागात २ लाख ७० हजारांच्या आसपास सह्या झाल्या. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत देशभरात ३ कोटींवर. म्हणजे साधारण दर तीन जपानी माणसांमागे एक सही! आपल्याकडेही २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत, निदान चाचण्या तरी थांबवण्याचा करार करा, अशी मागणी केली होती.

आता इथे जरा थांबूया. टोकियोच्या बायकांना हिरोशिमाचं दुःख नऊ वर्षांनी का ऐकू आलं? माझ्या मते, स्वतःच्या ताटातल्या माशाची भीती त्यांनी एकमेकींजवळ बोलून दाखवली म्हणून. आपली भीती कबूल केली, तेव्हा दुसऱ्याची वेदना ऐकायला कान तयार झाले.

६ ऑगस्ट १९५५ रोजी हिरोशिमात अण्वस्त्रविरोधी पहिली जागतिक परिषद भरली. हिबाकुशा व्यासपीठावरून बोलले, आणि हजारो लोकांनी ऐकलं. त्यानंतर त्यांच्यातल्या अनेकांच्या तोंडी एक वाक्य आलं: ‘जिवंत राहिलो ते बरं झालं.’ पुढच्या वर्षी याच नावाचा माहितीपटही निघाला. विचार करा, दहा वर्षं जगण्याचीच लाज वाटलेली ही माणसं! १० ऑगस्ट १९५६ रोजी नागासाकीत त्यांनी स्वतःची देशव्यापी संघटना उभी केली, निहोन हिदानक्यो. स्वतःला सावरणं आणि मानवजातीला वाचवणं ही दोन्ही कामं त्यांनी आपल्या स्थापनेच्या निवेदनात एकत्रच मांडली.

आपण म्हणतो, दुःख वाटल्याने हलकं होतं. इथे ते हलकं झालेलं दिसत नाही. आजार तेच राहिले, गेलेली माणसं परत आली नाहीत. बदललं ते एवढंच, की त्या दुःखाला ऐकणारा समाज मिळाला. शिवाय क्रमही बघा. आधी आशा, मग कृती, असं आपण धरून चालतो. इथे आधी ऐकणं झालं, मग काम, आणि आशा त्या कामातून मागाहून आली.

पुढची कथा सरळ नाही, हेही सांगायला हवं. १९६३ च्या करारामुळे तिन्ही करारकर्त्या महासत्तांच्या वातावरणातल्या चाचण्या थांबल्या, भूमिगत चालूच राहिल्या. सोव्हिएत चाचण्यांचा निषेध करायचा की नाही, यावरून चळवळ फुटली. अण्वस्त्रं आजही हजारोंनी आहेत. तरी हिदानक्यो टिकली, आणि २०२४ चं नोबेल शांतता पारितोषिक तिला मिळालं. ऑस्लोत संघटनेतर्फे तेरुमी तानाका बोलले. नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा ते तेरा वर्षांचे होते, ऑस्लोत ब्याण्णव वर्षांचे.

तेव्हा जगाच्या बातम्यांनी मन जड झालं, तर ‘आशा कुठे आहे?’ हा प्रश्न थोडा पुढे ढकला. चार माणसं जमवा. कशाची भीती वाटते, कशाचं वाईट वाटतं, हे आधी एकमेकांना सांगा, आणि ऐकताना सल्ला देण्याची घाई करू नका. सुगिनामीच्या त्या सभागृहात याहून मोठी सामग्री कुणाजवळ नव्हती.